फ्लेअरिंग टूल (वाहनदुरुस्ती)

फ्लेअरिंग टूल हे धातूच्या नळीचे टोक ठरावीक आकारात फुलवण्याचे हत्यार आहे. फुलवलेल्या टोकाला फ्लेअर म्हणतात. वाहनांतील ब्रेक, क्लच, इंधन आणि हायड्रॉलिक यंत्रणांच्या नळ्या नटाने जोडताना हे फुललेले तोंड जोडाच्या शंकूसारख्या बैठकीवर दाबून बसते आणि द्रव बाहेर येऊ देत नाही. अशा जोडात वॉशर, रबर किंवा धागा नसतो. धातूवर धातू बसून गळती थांबते. त्यामुळे फ्लेअरचा कोन, गोलाई आणि पृष्ठभाग यांत राहिलेली चूक नट कितीही आवळला तरी झाकली जात नाही.

वाहनदुरुस्तीत या हत्याराचा सर्वांत जबाबदारीचा उपयोग ब्रेकच्या नळीसाठी होतो. हत्यार निवडताना त्याची किंमत किंवा पेटीतील सुट्या भागांची संख्या यांपेक्षा दोन गोष्टी निर्णायक ठरतात: ते पोलादी नळी न घसरू देता पकडते का, आणि त्या वाहनाला लागणाऱ्याच प्रकारचा फ्लेअर करते का.

ब्रेकची नळी आणि तिच्यावरील दाब

मोटारगाड्या, जीप, पिकअप आणि हायड्रॉलिक ब्रेकच्या तीनचाकी गाड्यांत सर्वाधिक आढळणारी ब्रेकची नळी ४.७५ मिलिमीटर बाह्य व्यासाची असते. इंची मोजमापात ती ३/१६ इंच होय. तिच्या भिंतीची जाडी साधारण ०.७ मिलिमीटर, म्हणजे आतील पोकळी सुमारे ३.३५ मिलिमीटरची. मूळ नळी बहुधा दुहेरी भिंतीची असते: तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी दोनदा गुंडाळून भट्टीत डाग देऊन ती एकसंध केली जाते. बाजारात तिला बंडी ट्यूब म्हणतात. हे नाव ती बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीवरून पडले. बाहेरून जस्ताचा किंवा प्लास्टिकचा थर असतो.

या नळीत किती दाब येतो हे एका साध्या हिशेबावरून कळते. चालकाने पायाने ३० किलोग्रॅम जोर दिला आणि पेडलची तरफ पाचपट असली, तर मास्टर सिलिंडरच्या दांड्यावर १५० किलोग्रॅम जोर पडतो. सिलिंडरचा व्यास १९.०५ मिलिमीटर (पाऊण इंच) असेल तर त्याचे क्षेत्रफळ २.८५ चौरस सेंटिमीटर येते. भागाकार केल्यास दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५२ किलोग्रॅम होतो. व्हॅक्यूम बूस्टर असलेल्या गाडीत, अचानक ब्रेक दाबल्यास, तो १०० च्या पुढे जाऊ शकतो. गाडीच्या चाकातील हवेचा दाब याच मापात दोन-अडीच असतो.

इतक्या दाबाखाली तडा गेलेला फ्लेअर सावकाश पाझरतो किंवा एकदम सुटतो. पाझरणे हा अधिक फसवा प्रकार आहे. गॅरेजच्या जागेवर पाय हलका दाबून पाहिल्यास जोड कोरडा दिसतो. उतारावर, भरलेल्या गाडीत, चालक पूर्ण जोर लावतो तेव्हाच द्रव बाहेर येतो. अलीकडच्या गाड्यांत मास्टर सिलिंडरचे दोन स्वतंत्र भाग असतात, त्यामुळे एक फळी गेली तरी दुसऱ्या फळीचे ब्रेक शिल्लक राहतात. जुन्या जीपमध्ये मात्र एकच फळी असे, आणि एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जात.

फ्लेअरचे प्रकार

इकहेरी फ्लेअर सर्वांत सोपा आहे. नळीचे तोंड शंकूने एकदाच उघडले जाते. तांब्याच्या मऊ नळीवर, विशेषतः वातानुकूलन यंत्रे आणि शीतकपाटांच्या कामात, ४५ अंशांचा इकहेरी फ्लेअर रूढ आहे. हा कोन नळीच्या अक्षापासून मोजतात. म्हणजे शंकूचा पूर्ण कोन ९० अंश. पोलादी ब्रेक नळीवर इकहेरी फ्लेअर करू नये. पातळ कडा ताणली जाऊन तिथे उभ्या चिरा पडतात.

दुहेरी फ्लेअरमध्ये नळीची कड प्रथम आतल्या बाजूस दुमडून मग शंकूने दाबली जाते. बैठकीवर धातूचे दोन थर येतात आणि चिरलेली कापीव कड आत लपते. अमेरिकन व जपानी धाटणीच्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये हा ४५ अंशांचा प्रकार आढळतो. अमेरिकेतील एसएई जे ५३३ हे मानक अशा फ्लेअरची मापे ठरवते.

बबल फ्लेअर, ज्याला आयएसओ किंवा डीआयएन फ्लेअरही म्हणतात, युरोपीय धाटणीच्या गाड्यांत सापडतो. नळीचे टोक फुगीर मण्यासारखे होते. त्याची पुढची बाजू बैठकीवर बसते आणि नट मागच्या बाजूवर दाब देतो. आयएसओ ४०३८ हे मानक ब्रेकच्या अशा नळ्या, त्यांचे आटे आणि जोड यांच्याविषयी आहे. दुहेरी फ्लेअरच्या पहिल्या टप्प्यातही मण्यासारखा आकार दिसतो, आणि तो तिथेच थांबवला की बबल फ्लेअर झाला असा समज गॅरेजांत सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. दोन्हींचे साचे वेगळे असतात व मण्याची मागची बाजू सारखी उतरत नाही.

३७ अंशांचा इकहेरी फ्लेअर जेआयसी या नावाने ओळखला जातो. तो मुख्यतः हायड्रॉलिक यंत्रे आणि जाड भिंतीच्या नळ्यांसाठी आहे. ४५ अंशांच्या नळीवर ३७ अंशांचा जोड आवळला तर नट शेवटपर्यंत चढतो, पण बैठक एका बारीक रेघेवरच टेकते.

आटे पाहून फ्लेअरचा प्रकार ठरवता येत नाही, ही या विषयातील सर्वांत महत्त्वाची अडचण आहे. १० मिलिमीटर व्यास आणि १ मिलिमीटर अंतराचे आटे (एम १०×१) जपानी धाटणीच्या दुहेरी फ्लेअरलाही लागतात आणि युरोपीय बबल फ्लेअरलाही. नट हाताने सहज फिरतो, पान्याने घट्ट बसतो, आणि तरीही आतली बैठक वेगळ्या आकाराची असते. म्हणून जुनी नळी काढल्यावर तिचे तोंड पुसून पाहणे आणि जोडाच्या आत बॅटरीचा उजेड टाकून बैठक तपासणे हे कोणत्याही हत्याराच्या आधीचे काम आहे. भारतात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण येथील वाहने वेगवेगळ्या देशांच्या तंत्रावरून घडली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जुळणी सुरू झालेली महिंद्रची जीप अमेरिकन विलीजची, म्हणून इंची आट्यांची. १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० जपानी सुझुकीची. नंतरच्या अनेक गाड्यांत युरोपीय पुरवठादारांचे भाग आले.

हत्याराचे प्रकार

पट्टी-आणि-जू प्रकार सर्वाधिक विकला जातो. दोन पोलादी पट्ट्या एकमेकींवर आवळल्या की त्यांच्यामधील अर्धगोल खाचांची भोके तयार होतात. नळी त्यांत पकडली जाते. वरून जू अडकवून त्याचा स्क्रू फिरवला की टोकाचा शंकू खाली येतो. दुहेरी फ्लेअरसाठी नळीच्या प्रत्येक मापाचे एक छोटे बटण (अडॅप्टर) मिळते. हे हत्यार स्वस्त, हलके आणि गाडीखाली नेता येण्याजोगे आहे. त्याची दुखरी बाजू पकड आहे. पोलादी नळीवर दाब वाढला की ती भोकातून मागे सरकते, आणि तोंड अर्धवट किंवा तिरके दुमडते.

या प्रकारातील एक फसगत वारंवार होते. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारा सात भोकांचा संच बहुधा शीतयंत्रांच्या तांब्याच्या नळीसाठी बनवलेला असतो. त्यात ४५ अंशांचा इकहेरी फ्लेअरच होतो, बटणे नसतात. मेट्रिक मापाच्या काही पट्ट्यांत ६, ८, १० आणि १२ मिलिमीटरची भोके असतात पण ४.७५ चे नसते, किंवा त्याजागी ५ मिलिमीटरचे असते. पाव मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही, परंतु पकडीसाठी तो पुरेसा घातक आहे. तांब्यावर चोख काम करणारे हत्यार पोलादी ब्रेक नळीवर निकामी ठरते ते बहुतेकदा याच कारणाने.

शेगड्यावर (व्हाइस) पकडून वापरण्याच्या हत्यारात नळीसाठी दोन भागांचा लांब साचा असतो आणि समोरच्या फिरत्या चाकात पहिल्या व दुसऱ्या टप्प्याचे ठोकळे बसवलेले असतात. लांब दांडा ओढला की ठोकळा अक्षावर सरळ पुढे येतो. साचा नळीला बऱ्याच लांबीवर पकडत असल्याने ओरखडे कमी पडतात आणि फ्लेअर एकसारखे येतात. उणीव अशी की नळी गाडीतून काढून बाकावर आणावी लागते, आणि टोकाजवळ बराच भाग सरळ असावा लागतो. नटाला लागूनच वळण असेल तर साचा बसत नाही.

हातातील हायड्रॉलिक हत्यारात छोटा पंप शंकू पुढे ढकलतो. कमी श्रमात पोलाद आणि स्टेनलेस पोलाद दोन्हींवर चांगले काम होते आणि गाडीवरही वापरता येते. किंमत अधिक असते, सील खराब झाल्यास सुटे भाग मिळाले पाहिजेत. गाडीवरच्या नळीसाठी मुठीत मावणारी, एका-दोन मापांचीच छोटी हत्यारेही मिळतात. चॅसीला चिकटून गेलेली, मधोमध गंजलेली नळी न उतरवता कापून जोडायची असेल तर हीच उपयोगी पडतात.

उत्केंद्री शंकूचे हत्यार दिसायला पट्टी-आणि-जू प्रकारासारखेच असते, पण त्याचा शंकू मध्यापासून किंचित बाजूला बसून नळीच्या कडेवर लोळत फिरतो. तांब्यावर तो अत्यंत गुळगुळीत फ्लेअर करतो. ते वातानुकूलनाच्या कारागिराचे हत्यार आहे. ब्रेकच्या दुहेरी फ्लेअरसाठी नाही.

निवडीच्या कसोट्या

खरेदीपूर्वी दुकानातच चाचणी घेण्याची सोय असेल तर ४.७५ मिलिमीटरच्या पोलादी नळीचा हातभर तुकडा सोबत नेणे उपयुक्त ठरते. तांब्याच्या नळीवर दाखवलेल्या प्रात्यक्षिकावरून काहीच सिद्ध होत नाही. नळी पट्टीत आवळल्यावर पट्टीच्या मागच्या कडेला लागून नळीवर शाईची रेघ ओढावी आणि फ्लेअर पूर्ण करावा. रेघ पट्टीपासून दूर गेली असेल तर नळी घसरली. पकड सुटली की नाही हे सांगणारी याहून सोपी खूण नाही.

पकड चांगली असण्यासाठी भोकांत बारीक, एकसारखे दाते असावे लागतात. ते फार तीक्ष्ण असतील तर नळीवरचा गंजरोधक थर कापला जातो आणि फ्लेअरच्या मागेच पुढे गंज धरतो. बोथट असतील तर नळी सरकते. पट्ट्या आवळण्यासाठी फक्त पंखांचा नट असेल तर तो हाताच्या जोरापलीकडे जात नाही. षट्कोनी डोक्याचा, पान्याने आवळता येणारा बोल्ट अधिक विश्वासार्ह असतो. पट्ट्या मिटल्यावर दोन्ही टोकांना सारखी फट राहते का, तेही पाहावे. एका बाजूला उघडी राहणारी पट्टी नळीला लंबगोल करते.

जू पट्टीवर डुलता कामा नये. चांगल्या हत्यारात जू अडकवण्यासाठी खाच असते आणि शंकू आपोआप भोकाच्या मध्यावर येतो. हलक्या हत्यारात तो नजरेने जुळवावा लागतो. शंकूचा पृष्ठभाग आरशासारखा घासलेला असावा आणि स्क्रूच्या फिरण्याबरोबर तो स्वतः नळीवर घासत फिरू नये, म्हणून स्क्रू आणि शंकू यांच्यामध्ये छर्रा किंवा बेअरिंग असते. ते आहे का हे शंकू बोटात धरून स्क्रू फिरवला की कळते.

बटणांची तपासणी बारकाईने करावी लागते. बटणाचे नाक नळीच्या पोकळीत, म्हणजे ३.३५ मिलिमीटरच्या भोकात, सैल न पडता जायला हवे. नाक बारीक असल्याने कमी प्रतीच्या पोलादाचे असेल तर ते वाकते किंवा तुटून नळीतच अडकते. अशी नळी पुन्हा कापावीच लागते. बटणाच्या खांद्याची उंची हेच नळी पट्टीबाहेर किती काढायची याचे माप असते, म्हणून तो खांदा सपाट आणि कडा स्वच्छ असाव्यात. पेटीत बबल फ्लेअरचे वेगळे बटण आहे का, हे विचारून घ्यावे.

दुकानात केलेला एखादा नमुना बारीक पात्याच्या करवतीने उभा चिरून पाहिला तर दुमड आतपर्यंत बसली आहे का, दोन थर एकमेकांवर टेकले आहेत का आणि दोन्ही बाजूंची जाडी सारखी आहे का हे दिसते. ४.७५ मिलिमीटरच्या नळीचा पूर्ण झालेला फ्लेअर सुमारे ७ मिलिमीटर व्यासाचा होतो. सलग पाच फ्लेअर करून व्हर्निअर कॅलिपरने मोजले आणि ते एकमेकांशी जुळले, तर हत्यार भरवशाचे मानण्यास हरकत नाही. एकच चांगला नमुना कोणत्याही हत्याराने निघतो.

प्रसिद्ध नाव हा या तपासणीला पर्याय नाही, तरी त्याला एक अर्थ आहे. रिजिड किंवा रोथेनबर्गर यांसारख्या जुन्या उत्पादकांच्या हत्यारांचे शंकू व सुटे भाग वेगळे विकत मिळू शकतात, आणि मापांची तक्ते सोबत येतात. निनावी पेटीत वीस तुकडे असले तरी एक बटण हरवले की ती पेटी त्या मापापुरती संपते. स्टेनलेस पोलादाच्या नळीचे काम करायचे असेल तर पट्टी-आणि-जू प्रकारच्या स्वस्त हत्याराचा विचारच करू नये.

फ्लेअर करण्याची रीत

हत्यार चांगले असूनही जोड गळतो तेव्हा दोष बहुधा आधीच्या तयारीत असतो. नळी चाकाच्या कटरने कापली जाते. हॅकसॉने कापल्यास तोंड तिरके होते आणि आत चुरा जातो. कटर एकेका फेरीत थोडाथोडा आवळावा लागतो. घाई केल्यास तोंड आत दबते व धातू कडक होतो. आतली धार रीमरने आणि बाहेरची धार कानसीने काढून नळी हवेने फुंकली जाते. राहिलेला कीस पुढे मास्टर सिलिंडरच्या किंवा चाकाच्या सिलिंडरच्या रबरापर्यंत पोहोचतो.

नट नळीत आधी ओवावा लागतो. फ्लेअर झाल्यावर तो चढत नाही, आणि ही चूक अनुभवी कारागिरांकडूनही होते.

शंकूला आणि बटणाला वंगण म्हणून ब्रेक ऑइलचाच थेंब लावतात. इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावू नये, कारण खनिज तेलाने ब्रेकमधील रबरी सील फुगतात. पट्टीबाहेर बटणाच्या खांद्याइतकी नळी ठेवून पहिला दाब दिला जातो, बटण काढले जाते आणि शंकूने दुसरा दाब दिला जातो. तोंडात चीर, एका बाजूस झुकलेली कड किंवा बैठकीच्या भागावर ओरखडा दिसला तर फ्लेअर कापून नवा करावा. नट जोरात आवळून तो दुरुस्त होत नाही. उलट बैठक खराब होते आणि मग संपूर्ण जोड बदलावा लागतो.

नट आवळण्यासाठी उघड्या तोंडाच्या पान्याऐवजी फ्लेअर नट स्पॅनर वापरतात, जो षट्कोनाच्या पाच बाजू धरतो. एम १०×१ नटासाठी सामान्यतः १२ ते १८ न्यूटन-मीटर इतका पीळ पुरतो. वाहनाच्या पुस्तिकेत दिलेला आकडा असेल तर तोच पाळावा. हवा काढल्यानंतर इंजिन चालू ठेवून पेडल पूर्ण जोराने काही वेळ दाबून धरतात आणि दुसऱ्या व्यक्तीने कोरड्या कागदाने जोड पुसून पाहायचा असतो.

जिथे फ्लेअर चालत नाही

डिझेल इंजिनच्या पंपापासून इंजेक्टरपर्यंतच्या नळ्या जाड भिंतीच्या असतात आणि त्यांचे टोक कारखान्यात थंड अवस्थेत ठोकून घडवलेले असते. ते दिसायला फ्लेअरसारखे असले तरी फ्लेअरिंग टूलने करता येत नाही. अशी नळी नवीनच घ्यावी लागते. सीएनजी वाहनांच्या नळ्यांत २०० बारच्या आसपास दाबाचा वायू असतो व तेथे दुहेरी फेरूलचे जोड वापरतात. एसटी बस आणि मोठ्या मालमोटारींचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. तेथील दाब ७-८ बारच असतो, आणि नायलॉनच्या किंवा धातूच्या नळ्यांना वेगळ्या धाटणीचे जोड असतात. त्यामुळे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील राज्य परिवहन महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळांतील ब्रेकचे काम आणि गावातील जीपच्या ब्रेकचे काम ही दोन निराळी कामे आहेत.

हायड्रॉलिक ब्रेकची नळी मधोमध फेरूलच्या जोडाने सांधणे, रबरी नळी चढवून क्लिप लावणे किंवा पितळी डाग देणे हे तिन्ही उपाय धोकादायक आहेत. तांब्याची शुद्ध नळी वाकवायला सोपी म्हणून वापरली जाते. पण ती कंपनांनी कडक होऊन तडकते. तिच्या जागी तांबे-निकेल मिश्रधातूची नळी योग्य आहे. तिच्यात सुमारे १० टक्के निकेल व थोडे लोह असते, ती गंजत नाही, साध्या हत्यारानेही तिचा दुहेरी फ्लेअर सुबक होतो, आणि व्होल्वो कंपनीने १९७० च्या दशकातच ती गाड्यांत आणली. पोलादी नळीवर घसरणारे हत्यार या नळीवर अनेकदा चालून जाते. मात्र ती महाग आहे आणि लहान गावांच्या दुकानांत सहसा ठेवली जात नाही.

ग्रामीण महाराष्ट्रातील गरज

मोठ्या शहरात चालू मॉडेलच्या गाडीची नळी कंपनीकडूनच, तोंडे फुलवून आणि वळणे देऊन, तयार मिळते. ती मिळत असेल तर हाताने केलेल्या नळीपेक्षा तीच घ्यावी, कारण तिच्यावरील थर अखंड असतो. फ्लेअरिंग टूलची खरी गरज जुन्या वाहनांना आणि तालुक्यापासून दूर असलेल्या गॅरेजांना भासते.

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी हे असे बाजारपेठेचे गाव आहे (बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याहून हे वेगळे). आसपासचा भाग काळ्या मातीचा, कापूस, सोयाबीन, तूर आणि उसाचा. अशा गावातील गॅरेजात ट्रॅक्टर, पिकअप, प्रवासी जीप आणि तीनचाकी ही सर्व वाहने एकाच कारागिराकडे येतात, आणि प्रत्येकाची गरज निराळी असते. ट्रॅक्टरच्या ब्रेकची जोडणी पुष्कळदा दांड्यांची असते. तिथे नळीच नसते. डंपिंग ट्रॉलीच्या हायड्रॉलिकला रबरी होज लागतो, ज्याची टोके क्रिंपिंग यंत्राने बसवतात. उरते ते पिकअप, जीप आणि तीनचाकीचे काम, आणि ते जवळपास सगळे ४.७५ मिलिमीटर नळीचे असते. हायड्रॉलिक ब्रेकच्या तीनचाकी गाड्यांचे उत्पादन करणारा बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना आणि बोलेरो बनवणारा महिंद्रचा नाशिक येथील कारखाना याच विभागाच्या शेजारी असले, तरी एकुलत्या नळीसाठी गाडी दोन-तीन दिवस उभी ठेवणे मालकाला परवडत नाही.

काळी माती ओली असताना गाडीच्या पोटाला चिकटून बसते आणि ओल बराच काळ धरून ठेवते. नळी चॅसीला ज्या क्लिपांनी बांधलेली असते त्या क्लिपांखाली ती साचते, आणि गंज तिथूनच सुरू होतो. उघड्या भागात नळी नवी दिसत असताना क्लिपखाली ती कागदाइतकी पातळ झालेली असू शकते. त्यामुळे एका जागी गळणारी नळी केवळ तेवढ्या भागात कापून जोडण्याऐवजी दोन जोडांमधील पूर्ण लांबी बदलणे शहाणपणाचे ठरते. आतूनही गंज लागतो, कारण ग्लायकॉलवर आधारित ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषते.

अशा गॅरेजासाठी चौदा मापांचा संच निरुपयोगी आहे. ४.७५ मिलिमीटरचे चांगले साचे, दुहेरी व बबल असे दोन्ही ठोकळे आणि शेगड्यावर बसणारे एक मजबूत हत्यार, शिवाय गाडीवरच्या कामासाठी एक छोटे मुठीतले हत्यार, एवढ्यात बहुतेक काम भागते. इंधनाच्या नळ्यांसाठी ६ व ८ मिलिमीटरचे साचे पुढे घेता येतात. खर्च एकदाच करायचा असेल तर तो शेगड्याच्या हत्यारावर करावा.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील मोटार वाहन आणि डिझेल मेकॅनिक या व्यवसायांच्या शिक्षणात नळी कापणे, वाकवणे आणि फुलवणे ही हातकामे येतात. महाराष्ट्रात बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी शासकीय संस्था असल्याने खरेदीपूर्वी शेगड्यावरचे हत्यार हाताळून पाहण्याची ती एक जागा ठरू शकते.

कायदा आणि तपासणी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ नुसार परिवहन वाहनाला योग्यता प्रमाणपत्र आवश्यक असते, आणि त्याच्या तपासणीत ब्रेक पाहिले जातात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये ब्रेकविषयीच्या अटी आहेत. आयएस ११८५२ हे भारतीय मानक वाहनांच्या ब्रेक यंत्रणेचे आहे. नव्या वाहनांच्या मान्यतेसाठीच्या चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची एआरएआय ही एक होय. गॅरेजात हाताने केलेल्या एका फ्लेअरची तपासणी मात्र यांतील कोणत्याच टप्प्यावर स्वतंत्रपणे होत नाही. तो करणाऱ्या कारागिरानेच त्याच्यावर अखेरची नजर टाकलेली असते.

हत्याराची देखभाल

काम झाल्यावर साचे आणि शंकू पुसून, स्क्रूच्या आट्यांना तेलाचा हात फिरवून ठेवतात. पुढच्या कामापूर्वी शंकूवरचे हे तेल पुन्हा पुसून काढणे आवश्यक असते. साच्याच्या दात्यांत पोलादाचा किंवा रंगाचा कीस भरला की पकड सुटू लागते, म्हणून ते तारेच्या ब्रशने साफ करतात. शंकूवर ओरखडा उमटल्यास तो प्रत्येक नव्या फ्लेअरवर उतरतो. असा शंकू घासून वापरण्याऐवजी बदलावा, कारण हाताने घासताना कोन बिघडतो. आवळणाऱ्या बोल्टचे आटे झिजले की पट्टी पूर्ण मिटत नाही. घसरण्याची तक्रार असलेल्या बऱ्याच जुन्या हत्यारांना साच्याऐवजी हा बोल्टच नवा लागतो.